सोल्डरचं टेबल हलवण्याआधी : गिटार अँपचे छोटे कारखाने विकत घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि उत्पादन प्रमुख,
गिटार अँपचे छोटे कारखाने विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्या

विषय : खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षात कारखान्यातलं काय हलवू नये, याबाबत.

स. न. वि. वि.

आम्ही व्हॉल्व्हचे (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचे) गिटार अँप उघडून दुरुस्त करणारी माणसं आहोत. एखादा नावाजलेला छोटा कारखाना मोठ्या कंपनीने घेतला की पत्रकात दोन गोष्टी हमखास असतात : माणसं तीच राहतील आणि दर्जा तोच राहील. हे लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते, असंच आम्ही धरून चालतो. तरीही अनेकदा वर्षा-दोन वर्षांनी त्याच नावाच्या नव्या अँपचं चेसिस (आतला पत्र्याचा सांगाडा) बाहेर काढलं की फरक नजरेत भरतो. सर्किट डायग्राम तोच, रेझिस्टर-कपॅसिटरच्या व्हॅल्यू त्याच, पण तारा वेगळ्या वाटेने गेलेल्या, ट्रान्सफॉर्मरवर वेगळा शिक्का, आणि वाजवणारा म्हणतो की जुन्यासारखा वाजत नाही. हे कसं घडतं आणि कसं टाळता येतं, तेवढंच इथे सांगायचं आहे.

असे सौदे या धंद्यात नवे नाहीत. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनची फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. इंग्लंडची व्हॉक्स रॉयस्टन समूहाकडे गेली आणि बरेच हात फिरून १९९२ मध्ये कोर्गकडे आली. ट्रेस एलियट आधी कामानकडे, मग गिब्सनकडे, मग पीव्हीकडे. बासचे अँप करणारी एसडब्ल्यूआर फेंडरने घेतली. आज ते नाव बाजारात जवळजवळ दिसत नाही. आणि जानेवारी २०२१ मध्ये गिब्सनने मेसा/बूगी घेतली. रँडल स्मिथ यांनी १९६९ च्या सुमारास फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टन अँपच्या पेटीत मोठ्या अँपचं सर्किट आणि १२ इंची स्पीकर बसवून ज्या कामाची सुरुवात केली, तीच ही पेटालुमाची कंपनी. हे पत्र त्या एका सौद्याविरुद्ध नाही. पण मेसाच्या अँपमधली एक गोष्ट आमचं म्हणणं इतकं स्वच्छ दाखवते की तिथूनच सुरुवात करतो.

पॉवर व्हॉल्व्हच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीला, ठरावीक निगेटिव्ह व्होल्टेज द्यावं लागतं. त्यालाच बायस म्हणतात. वाजवत नसताना व्हॉल्व्हमधून किती करंट वाहायचा, ते हा बायस ठरवतो. ६एल६जीसी या पॉवर व्हॉल्व्हच्या प्लेटची (इलेक्ट्रॉन जिथे येऊन आदळतात त्या पत्र्याची) मर्यादा ३० वॅट. क्लास एबी, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडीने आलटून पालटून भार घेणाऱ्या, अँपमध्ये शांत असताना त्याच्या ७० टक्क्यांपलीकडे जायचं नाही, हा आमच्याकडचा सर्वमान्य हिशेब. म्हणजे प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर २१ वॅट भागिले ४५०, साधारण ४६ मिलिअँपिअर ही वरची हद्द. ईएल३४ या दुसऱ्या पॉवर व्हॉल्व्हची मर्यादा २५ वॅट, म्हणून तिथे ३९ मिलिअँपिअर. बहुतेक फिक्स्ड-बायस (बायससाठी वेगळं व्होल्टेज देणाऱ्या) अँपमध्ये हा करंट जुळवायला आत एक छोटा पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलता येणारा भाग) असतो. मेसाच्या बहुतेक अँपमध्ये तो नाही. बायसचे रेझिस्टर कायमचे ठरलेले आहेत. त्याऐवजी कंपनी व्हॉल्व्ह मोजते, निवडते, त्यांना रंगाच्या खुणा करते आणि आपल्या शिक्क्याने विकते, म्हणजे त्या ठरलेल्या बायसवर कुठलाही रंग घातला तरी करंट सुरक्षित पट्ट्यातच राहतो.

आता खरेदी खात्याच्या नजरेने बघा. व्हॉल्व्ह मोजण्याचं टेबल, त्यावर बसलेला माणूस आणि बाजूला काढलेल्या व्हॉल्व्हचे खोके, हा सगळा खर्चच दिसतो. तोच ६एल६ बाहेर स्वस्तात मिळतो. पण एकाच खोक्यातले दोन ६एल६ एकाच बायसवर घातले तर एक २५ मिलिअँपिअर ओढेल आणि दुसरा ४५. करंट कमी पडला तर आवाज पातळ होतो, सूर विरताना शेवटी खरखरीत कडा लागते. जास्त झाला तर प्लेट लाल होते, स्क्रीन रेझिस्टर (व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन या दुसऱ्या जाळीला जोडलेला) काळा पडतो आणि फ्यूज उडतो. सर्किटमधला एकही रेझिस्टर कोणी बदललेला नसतो, तरी अँप बदललेला असतो. ते मोजण्याचं टेबलच त्या अँपचा बायस पॉट होतं, आणि सर्किट डायग्रामवर त्याचं चिन्ह कुठेच नव्हतं. मेसाच्या बाबतीत असं झालं आहे, असा आमचा आरोप नाही. अशा जागा प्रत्येक छोट्या कारखान्यात असतात आणि हिशेबाच्या वहीत त्या फक्त खर्च म्हणून दिसतात, हे तुमच्यापुढे मांडायचं आहे.

दुसरी अशी जागा म्हणजे तारांची मांडणी. सर्किट डायग्राममध्ये तार म्हणजे एक रेघ. प्रत्यक्षात प्रत्येक तार शेजारच्या तारेशी एक छोटा कपॅसिटर बनवते. ईसीसी८३ या छोट्या जोड-व्हॉल्व्हच्या ग्रिडची पिन २ किंवा ७, प्लेटची १ किंवा ६. पहिल्या स्टेजच्या (सिग्नल वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्याच्या) ग्रिडची तार दुसऱ्या स्टेजच्या प्लेटच्या तारेजवळून गेली, तर दोन वेळा उलटलेला सिग्नल पुन्हा सरळ होऊन सुरुवातीला मिसळतो. गेन वाढवला की अँप शिट्टी मारतो. शिट्टी ऐकू आली तर नशीब म्हणायचं. खरा त्रास होतो तो ही शिट्टी कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीच्याही वर, ४०-५० किलोहर्ट्झला असली की. ऐकू काहीच येत नाही, पण पॉवर व्हॉल्व्ह गिटार न वाजवताही तापतात आणि आवाज मलूल, बसलेला लागतो. हे पकडायचं असेल तर स्पीकर काढून ८ ओहमचा, पुरेशा वॅटचा डमी लोड (स्पीकरऐवजी भार घेणारा रेझिस्टर) लावा, सगळे पॉट पूर्ण उघडा, इनपुटला काही न देता आउटपुटवर ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेषा पडद्यावर दाखवणारं यंत्र) जोडा. रेषेत फक्त खरखर दिसली तर ठीक. जाड, सलग पट्टा दिसला तर लाकडी काडीने एकेक तार हलवत जा. ज्या तारेला पट्टा नाहीसा होतो ती चुकीच्या वाटेने गेली आहे. काडी लाकडीच हवी, कारण आत चार-साडेचारशे व्होल्ट असतात आणि अँप बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून ठेवतात.

फेंडरच्या इतिहासात हे सगळं लख्ख दिसतं, आणि तिथे एक गैरसमजही रुजला आहे. सीबीएस आली आणि दुसऱ्या दिवसापासून अँप बिघडले, असं म्हणतात. तसं झालं नाही. एबी७६३ हे १९६३ चं सर्किट १९६७ पर्यंत चालू होतं, आणि सीबीएसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले काळ्या पॅनेलचे अँप आधीच्या अँपइतकेच सुरेख आहेत. बाजारात त्यांना कमी लेखलं जातं ते केवळ तारखेमुळे. बदल सावकाश आला. कापडी आवरणाच्या तारा जाऊन प्लास्टिक आवरणाच्या आल्या. कापडी तार वाकवली की तिथेच राहते, प्लास्टिकची उसळी घेऊन पुन्हा वर येते. उत्पादन वाढलं, तारा मोकळ्या, लांब सोडल्या जाऊ लागल्या. मग अँप त्याच न ऐकू येणाऱ्या वरच्या पट्टीत डोलू (आपोआप शिट्टी मारू) लागले. त्यावर उपाय काय केला? तारा नीट बसवण्याऐवजी पॉवर व्हॉल्व्हच्या ग्रिडवरून जमिनीला १२०० ते २००० पिकोफॅराडचे कपॅसिटर लावले. डोलणं थांबलं, आणि आवाजाच्या वरच्या टोकाचा तजेलाही गेला. १९६८ च्या एसी५६८ सर्किटमध्ये बायसची पातळी बदलणारा पॉट काढून तिथे फक्त दोन बाजू जुळवणारा पॉट घातला, आणि काही मॉडेलमध्ये कॅथोड-बायस (व्हॉल्व्हच्या स्वतःच्या करंटने तयार होणारा बायस) व फिक्स्ड-बायस यांची सरमिसळ केली. बहुतेक बदलांमागे एखाद्या इंजिनिअरचं पटण्यासारखं कारण होतं. एकत्र मिळून मात्र ते वेगळं वाद्य झालं.

हे अँप पूर्ववत करताना आजही बरेच जण क्रम चुकवतात, म्हणून सांगून ठेवतो. आधी ते कपॅसिटर काढू नका. आधी ग्रिडच्या तारा आखूड करून चेसिसच्या पत्र्याला चिकटवून न्या, प्लेटच्या तारा त्यांच्यापासून लांब करा, मग एकेक कपॅसिटर काढा आणि प्रत्येक वेळी स्कोप बघा. आणि अँप सत्तरच्या दशकाच्या शेवटचा, १३५ वॅटचा अल्ट्रालिनिअर असेल तर तिथे ही खटपटच करू नये. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरच (व्हॉल्व्ह आणि स्पीकर जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच) स्क्रीनसाठी वेगळे टॅप (वेढ्यांतून मधेच काढलेल्या तारा) आहेत, सगळा पॉवर विभाग त्याभोवती बांधलेला आहे. कपॅसिटर बदलून तो १९६५ चा होत नाही.

१९८५ मध्ये बिल शुल्ट्झ यांच्या पुढाकाराने कंपनीतल्याच लोकांनी फेंडर १ कोटी २५ लाख डॉलरना परत घेतली, तेव्हा फुलर्टनचा कारखाना त्या सौद्यात नव्हता. नाव आलं, पेटंट आली, शिल्लक माल आला. जागा, यंत्रं आणि रोजच्या हातांची घडी नव्याने बसवावी लागली. वीस वर्षांपूर्वी सीबीएसने दिलेल्या रकमेपेक्षा ही रक्कम कमी होती, हा हिशेब तुमच्या वित्त विभागाने एकदा समोर ठेवावा.

आता ट्रान्सफॉर्मर. पैसे वाचवण्याची पहिली जागा हीच, कारण अँपमधली सगळ्यात महाग वस्तूंपैकी ती एक. छोट्या कारखान्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बहुधा जवळच्याच एखाद्या वाइंडिंगवाल्याकडून येतो. नवा मालक तीन ठिकाणांहून भाव मागवतो. मागणीपत्रात लिहिलेलं असतं : दोन ६व्ही६ साठी, प्रायमरी (व्हॉल्व्हकडचे वेढे) ६.६ किलोओहम, सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) ८ ओहम, २० वॅट. तिघेही हे पूर्ण करतात, आणि तिघांचे आवाज तीन असतात.

कारण यातला प्रायमरीचा आकडा फक्त वेढ्यांचं गुणोत्तर सांगतो. तो तपासणं सोपं आहे. ट्रान्सफॉर्मर सुटा करून सेकंडरीला १ व्होल्ट एसी द्या आणि प्रायमरीच्या दोन टोकांत मोजा. २९ व्होल्ट आले तर २९ चा वर्ग ८४१, त्याला ८ ने गुणलं की सुमारे ६.७ किलोओहम. आकडा बरोबर. पण प्रायमरी आणि सेकंडरी किती थरांत एकमेकींत गुंफल्या आहेत, मधे कागद आहे की नायलॉनचा बॉबिन, स्टॅम्पिंगचा (गाभ्याच्या कापलेल्या पत्र्यांचा) दर्जा कोणता, ते एकाआड एक रचले आहेत की गठ्ठ्याने, यातलं काहीच त्या आकड्यात येत नाही. थर कमी केले की लीकेज इंडक्टन्स (प्रायमरीचा जो फ्लक्स सेकंडरीपर्यंत पोचत नाही त्याचा परिणाम) वाढतो. तो मोजायला सेकंडरी शॉर्ट करून प्रायमरीवर एलसीआर मीटर लावा, १ किलोहर्ट्झला, आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरशी ताडून बघा. लीकेज वाढला की निगेटिव्ह फीडबॅकच्या (आउटपुटचा थोडा भाग उलटा मागे देण्याच्या) फेऱ्यात वरच्या पट्टीला फेज सरकते आणि पुन्हा तेच डोलणं सुरू होतं. मग पुन्हा कोणीतरी कपॅसिटर लावतं.

एक साधी चूकही इथे वारंवार होते. नव्या पुरवठादाराचे निळी आणि तपकिरी हे प्लेटचे रंग उलटे असले, तर निगेटिव्ह फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि व्हॉल्व्ह तापताच अँप किंचाळतो. दोन्ही तारांची अदलाबदल केली की शांत. पण असेंब्लीच्या रांगेतल्या माणसाला हे सांगितलेलं नसेल तर तो फीडबॅकचा रेझिस्टरच काढून टाकतो. अँप गप्प बसतो, तपासणीतून पास होतो आणि कायमचा वेगळा वाजतो.

म्हणून खरेदीच्या करारातच वाइंडिंगवाल्याचं नाव लिहून घ्या, त्याची वाइंडिंग शीट ताब्यात घ्या आणि निदान दोन वर्षांच्या ट्रान्सफॉर्मरची मागणी एकदम नोंदवा. तो माणूस बहुधा वयस्क असतो, यंत्रं जुनी असतात आणि त्याचा निम्मा धंदा या एका कारखान्यावर चालतो. तुम्ही सहा महिने मागणी थांबवलीत तर तो दुकान बंद करतो, आणि मग पैसे टाकूनही तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

पीसीबीबद्दल (छापील सर्किट बोर्डाबद्दल) आमच्यातच मतभेद आहेत. हाताने पॉइंट टू पॉइंट वायरिंग केलेलं तेच खरं, बाकी सगळं खोटं, हे आम्हाला मान्य नाही. चांगल्या जाड फायबरग्लासच्या बोर्डावर उत्तम अँप बनले आहेत, मेसाचेही. तक्रार एका विशिष्ट गोष्टीची आहे : व्हॉल्व्हचं सॉकेट, पॉट आणि जॅक थेट बोर्डावर सोल्डर करणं. ईएल८४ हा नऊ पिनचा छोटा व्हॉल्व्ह प्रचंड तापतो. सॉकेट बोर्डावर असेल तर रोज तापणं-निवणं सोल्डरच्या टाक्याला सोसावं लागतं, दोन-तीन वर्षांत पिनेभोवती बारीक गोल भेग पडते आणि अँप मधूनच बंद पडू लागतो. बोर्ड भाजून तपकिरी झाला की तो कोळशासारखा करंट वाहू देतो, आणि तिथून ठिणगी पडते. व्हॉल्व्ह बदलताना सॉकेट दाबलं की पाठीमागची तांब्याची पट्टी उचकटते. इनपुट जॅकचंही तेच. कोणाचा तरी पाय केबलला लागतो, तो धक्का पत्र्याने सोसायचा तर बोर्ड सोसतो. सॉकेट आणि जॅक चेसिसला स्क्रूने बसवा, तिथून बोर्डापर्यंत आखूड तारा द्या. प्रत्येक अँपमागे काही मिनिटं जास्त जातील. ही काही मिनिटं तुमच्या उत्पादन प्रमुखाला सगळ्यात आधी खुपणार, आणि तीच त्याने वाचवू नयेत, ही आमची कळकळीची विनंती आहे.

छोट्या भागांबद्दल फार लांबण लावत नाही. कपलिंग कपॅसिटर ६३० व्होल्टच्या जागी ४०० चा, स्क्रीन रेझिस्टर ५ वॅटच्या जागी १ वॅटचा, फिल्टर कपॅसिटर १०५ अंशांच्या जागी ८५ अंशांचा आणि ५०० व्होल्टच्या जागी ४५० चा : प्रत्येक बदलात थोडे पैसे वाचतात आणि पहिल्या दिवशी काहीच बिघडत नाही. शेवटच्या बदलाकडे भारतातल्या माणसाने नीट बघावं. मुंबई-पुण्यात २३० च्या नावाखाली कधीकधी २५० व्होल्ट येतात. ४५० व्होल्टची अंतर्गत लाइन तेव्हा ४८९ वर जाते. त्यावर ४५० चा कपॅसिटर फुगतो, आणि वॉरंटीवाला मेन्सला (बाहेरून येणाऱ्या विजेला) दोष देतो.

इथेच आमच्या भागाचा प्रश्न मांडतो. महाराष्ट्र-गोव्यात हे अँप बहुतेक वेळा अमेरिकेतून कोणा नातेवाइकाच्या सामानातून येतात किंवा जुने म्हणून विकत घेतले जातात. छोटे कारखाने बऱ्याचदा १००, १२०, २२०, २३०, २४० असे सगळे टॅप असलेला मेन्स ट्रान्सफॉर्मर घालत, कारण त्यांना एकच मॉडेल सगळीकडे पाठवायचं असे. मोठी कंपनी देशागणिक वेगळा ट्रान्सफॉर्मर घालते, प्रत्येकात तांबं कमी लागतं. मग १२० व्होल्टचा अँप इथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालवावा लागतो. व्होल्टेज उतरतं, पण ६० हर्ट्झऐवजी आपल्याकडचे ५० हर्ट्झच राहतात, त्यामुळे गाभ्यातला फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो. ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी नेमका काटेकोर बनवला असेल तर तो तासाभरात हात लावू न देण्याइतका तापतो आणि घुमू लागतो. आणि २२० च्या टॅपवर २४० व्होल्ट मिळाले तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.९ वर चालतो. १० टक्क्यांची हद्द तिथेच संपते, व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. हे टॅप काढू नका. काढायचेच असतील तर पाठीमागच्या पट्टीवर ५० हर्ट्झ चालतं की नाही, एवढं तरी छापा.

कोकण आणि गोव्याच्या दमट हवेचा एक वेगळाच दोष आहे, आणि तो जुन्या अँपच्या नकला काढणाऱ्या कारखान्यांना लागू होतो. जुन्या फेंडरमध्ये मेण पाजलेला काळा फायबर बोर्ड असे. जुनेपणाची हुबेहूब नक्कल म्हणून काहीजण आजही तोच वापरतात. चार पावसाळे गेले की तो ओलावा धरतो आणि स्वतःच करंट वाहू देतो. अँप चालू असताना मीटरचा काळा प्रोब चेसिसला आणि लाल प्रोब दोन आयलेटच्या (भाग सोल्डर करायच्या धातूच्या कड्यांच्या) मधल्या कोऱ्या बोर्डावर टेकवा. शून्य यायला हवं. दहा-पंधरा व्होल्ट दिसले तर बोर्ड गेला. गरम हवेने सुकवला की काही दिवस बरा राहतो, कायमचा उपाय म्हणजे ग्लास-इपॉक्सीचा बोर्ड. इथे बदल करणं खरंच चांगलं आहे. जुनं तेवढं सगळं जपा असं आम्ही म्हणत नाही.

भारतात या धंद्याची आठवण अगदीच नाही असं नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले, त्यात ईसीसी८३ आणि ईएल८४ होते, आणि जुने न वापरलेले नग अजून लोक शोधत असतात. आज हे व्हॉल्व्ह मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यावर रशियातला पुरवठा अडला तेव्हा बाजार किती पटकन कोरडा पडतो ते सगळ्यांनी पाहिलं. ज्या कारखान्याच्या कपाटात निवडून ठेवलेले व्हॉल्व्ह असतील, तिथलं कपाट हीच तुमच्या खरेदीतली मोलाची वस्तू समजा. ते अडकून पडलेलं भांडवल म्हणून लिलावात काढू नका.

आता मागण्या. या आम्ही दुरुस्तीवाले म्हणून करतो, कारण वॉरंटी संपल्यावर पुढची तीस वर्षं अँप आमच्याकडेच येतो.

सौद्यावर सही झाली की पहिल्या आठवड्यात, काहीही हलवण्याआधी, तयार मालातले प्रत्येक मॉडेलचे तीन अँप उचला आणि कुलपात ठेवा. व्हेरिअ‍ॅकवर (व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या ट्रान्सफॉर्मरवर) मेन्स नेमकं १२० व्होल्ट ठेवून प्रत्येक व्हॉल्व्हच्या प्रत्येक पिनेचं व्होल्टेज लिहा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन्ही अर्ध्या भागांचा डीसी रेझिस्टन्स, लीकेज, ८ ओहमवरचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, सगळं नोंदवा. चेसिसचे चारही बाजूंनी फोटो काढा, इतके जवळून की प्रत्येक तारेचं वळण दिसेल. पुढे कोणताही भाग बदलायचा झाला तर एका वेळी एकच बदला, त्याची तारीख आणि सीरियल नंबर लिहा, आणि बदललेला अँप कुलपातल्या अँपशेजारी ठेवून, कोणता कोणता हे न सांगता, वाजवणाऱ्याला ऐकवा. दोन बदल एकदम केले की बिघाड कशाने झाला ते कधीच कळत नाही. फेंडरच्या सीबीएसच्या काळातल्या चंदेरी पॅनेलच्या अँपवर आजही जो वाद चालतो, तो याचमुळे.

तपासणीच्या टेबलावरची वही मागून घ्या. बहुतेक कारखान्यांत कुठला अँप का परत पाठवला याची हाताने लिहिलेली नोंद असते : अमुक व्हॉल्व्ह टिचकीला वाजतो, तमुक तार ट्रान्सफॉर्मरजवळ गेली म्हणून गुणगुण, रिव्हर्बच्या टाकीची दिशा उलटी. ही वही म्हणजे त्या कारखान्याचं खरं तांत्रिक पुस्तक. संगणकाची नवी यंत्रणा आल्यावर ती रद्दीत जाते. आणि जी माणसं ती वही लिहितात, त्यांना पहिल्या कपातीतून वगळा. संस्थापकाला मानाचं पद देऊन मोकळं होणं पुरेसं नाही. भाग बदलाच्या कागदावर निदान दोन वर्षं त्याची सही लागेल, असं करारात घाला, आणि त्याची रक्कम किती अँप खपले यावर बांधू नका, नाहीतर त्यालाच घाई करावी लागेल.

दुरुस्तीसाठी सर्किट डायग्राम उघडे ठेवा. बोर्डावर इपॉक्सी ओतून सर्किट लपवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्याने नक्कल करणारा थांबत नाही, दुरुस्ती करणारा मात्र थांबतो. मॉडेल बंद केलं तरी त्याचे ट्रान्सफॉर्मर, पॉट, फूटस्विच आणि खास भाग दहा वर्षं मिळतील अशी लेखी हमी द्या. जुन्या मालकाच्या काळातल्या सीरियल नंबरांचीही जबाबदारी घ्या. नाव विकत घेतलंत तेव्हा त्या नावाच्या जुन्या अँपवर ज्यांचं पोट चालतं ते वादकही त्यात आलेच.

हे जमू शकतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्याच टू-रॉक या अँप कंपनीचं आहे. ती एका समूहाकडे गेली आणि २०१६ मध्ये तिथेच काम केलेल्या माणसांनी ती परत आपल्या हाती घेतली. आज ती छोट्या प्रमाणावर आणि नेटकं काम करते. ही जपणूक तुमच्यासारख्या मोठ्या कंपनीच्या छत्राखालीही होऊ शकते. पगार वेळेवर होतो, व्हॉल्व्हची आगाऊ खरेदी करता येते, वाइंडिंगवाल्याला दोन वर्षांची मागणी देता येते. छोट्या मालकाला यातलं बरंच झेपत नाही. तुमचे पैसे तिथे लागले तर तो कारखाना आधीपेक्षाही चांगला चालेल, असं आम्ही मनापासून मानतो.

म्हणून एक शेवटची विनंती. ताबा घ्यायला जाल त्या दिवशी सभागृहात भाषण व्हायच्या आधी असेंब्लीच्या टेबलाशी जा. उघडं चेसिस समोर असेल. तिथे बसलेल्या माणसाला विचारा की इनपुट जॅकवरून पहिल्या व्हॉल्व्हकडे जाणारी ही तार सरळ न नेता कोपऱ्यातून का वळवली आहे. तो जे सांगेल ते तिथेच, त्याच्याच शब्दांत, लिहून घ्या आणि खाली त्याचं नाव घाला.

कळावे,

आपले,
व्हॉल्व्ह अँप दुरुस्त करणारे काही कारागीर